कुणाचं काही अडतं का? : वृद्धाश्रमातल्या ‘उपक्रमां’विषयी, ‘बीइंग मॉर्टल’ वाचताना

पत्रिकेवर ‘वृद्धाश्रमातील भावनिक स्वास्थ्य आणि उपक्रम’ असा विषय छापला आहे. तो मीच दिला होता, तेव्हा संयोजकांना दोष नाही. पण मी मानसशास्त्रज्ञ नाही, डॉक्टरही नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे आज मी एक पुस्तक बरोबर आणलं आहे आणि त्यातल्या एका प्रकरणाशी भांडणार आहे. पुस्तक चांगलं आहे म्हणूनच भांडायचं. वाईट पुस्तकाशी कोण भांडत बसतो?

पुस्तकाचं नाव ‘बीइंग मॉर्टल’. लेखक अतुल गावंडे, बॉस्टनमधले शल्यचिकित्सक. पुस्तक २०१४ सालचं. आपली वर्तमानपत्रं त्यांचं आडनाव ‘गवांदे’ असं छापतात, ते इंग्रजी स्पेलिंगवरून. वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे, आणि तिकडे हे आडनाव साधं ‘गावंडे’ आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुस्तकाची सुरुवातच जवळजवळ उटीपासून होते. लेखकाचे आजोबा, सीताराम गावंडे, एकशे दहाच्या घरात पोहोचले होते. म्हातारपणीही घोड्यावर बसून रात्री शेताला फेरी मारायचे. घरात त्यांना आधी वाढलं जायचं, लग्नाच्या आणि जमिनीच्या बाबतीत त्यांना विचारलं जायचं. कोर्टाच्या कामाला बसनं निघालेले असताना उतरताना पडले, डोक्याला मार लागला, आणि त्यात गेले. एकशे दहाव्या वर्षी माणूस कोर्टाच्या कामाला चालला होता, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

अमेरिकेत या वयाचा माणूस नर्सिंग होममध्ये असता, असं गावंडे म्हणतात. इथे एक खुलासा. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे चौकातला छोटा दवाखाना, बाळंतपणाचा नाहीतर हाडांचा. तिकडे ज्यांना स्वतःचं उठणं-बसणं, आंघोळ जमत नाही अशा माणसांची ती कायमची राहायची जागा. आपल्याकडच्या वृद्धाश्रमांचं हळूहळू तेच होत चाललं आहे. येतात तेव्हा लोक चालत येतात. पाच-सात वर्षांनी तीच माणसं खाटेवर असतात, आणि संस्थेचं नाव मात्र तेच राहतं.

आता मी काय पाहिलं ते सांगतो. माझा एक मित्र अशा एका संस्थेत आहे. नाव सांगत नाही, माणसं वाईट नाहीत तिथली. हा मित्र पाटबंधारे खात्यात होता, तीस वर्षं कालव्यांची कामं केली. मी गेलो तो नेमका ‘उपक्रमा’चा दिवस होता. कुठल्यातरी कंपनीची तरुण मुलं आली होती, सगळ्यांच्या डोक्यावर कागदी टोप्या चढवल्या होत्या, आणि एक मुलगी माईकवरून सांगत होती, “टाळ्या वाजवा हं आजोबा, मोठ्यानं!” मित्रानं वाजवल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “अरे, ही पोरं रविवार मोडून आलीत. त्यांना बरं वाटायला नको का?”

यावर मी बरेच दिवस विचार केला. त्या खोलीत भावनिक आधार कोण कुणाला देत होतं? मला वाटतं, म्हातारे मुलांना देत होते. आणि गंमत म्हणजे, त्या दुपारी त्यांना काही बरं वाटलंच असेल तर ते त्यामुळेच.

मराठीत एक क्रियापद आहे, अडणं. ‘माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही,’ असं आपल्याकडची म्हातारी माणसं म्हणतात. यात तक्रार एकटेपणाची नाही, कंटाळ्याचीही नाही. आपण नसलो तर कुठे चाक रुतणार नाही, एवढंच त्या वाक्यात आहे. दुसऱ्या भाषेत हे सांगायला लांबलचक वाक्य लागतं. आपल्याला एक शब्द पुरतो. तो हातात धरून आपण गावंड्यांच्या त्या प्रकरणाकडे जाऊ.

प्रकरणाचा नायक बिल थॉमस नावाचा तरुण डॉक्टर. १९९१ साल, न्यूयॉर्क राज्यातलं न्यू बर्लिन हे छोटं गाव, तिथलं चेस मेमोरियल नर्सिंग होम. ऐंशी रहिवासी, त्यातल्या पाचांपैकी चार जणांना अल्झायमर किंवा तशीच बुद्धीची दुर्बलता. थॉमस म्हणाला, इथे तीन साथी पसरल्या आहेत : कंटाळा, एकटेपणा आणि असहायता. त्यावर त्यानं सुचवलेला उपाय ऐकून तिथल्या लोकांनी कपाळाला हात लावला. प्रत्येक खोलीत जिवंत झाड, हिरवळ उपटून भाजीचा आणि फुलांचा मळा, कर्मचाऱ्यांची मुलं तिथेच वावरणार, दोन कुत्री, चार मांजरं आणि शंभर पोपट. आपल्याकडे पिंजऱ्यात विकायला असतात तसले छोटे पोपट. नियमाप्रमाणे एका वेळी एकच कुत्रं किंवा एकच मांजर चालत होतं, तेव्हा सरकारकडून सवलत मिळवावी लागली. पोपट आले आणि पिंजरे आलेच नव्हते! मग शंभर पोपट केस कापायच्या खोलीत सोडून दार लावून घेतलं. पिंजरे नंतर आले तेही सुटे, जोडायचे. कर्मचारी पोपटांमागे धावताहेत आणि म्हातारी माणसं काचेबाहेरून हसताहेत, असं ते दृश्य आहे. मला हे पुस्तकातलं सगळ्यात खरं पान वाटतं, आणि का ते पुढे सांगतो.

गावंडे एका गृहस्थांची हकिगत देतात, श्री. एल. असं आद्याक्षर देऊन. साठ वर्षांहून अधिक संसार झालेली पत्नी गेली, जेवण सुटलं, एकदा गाडी खड्ड्यात घातली. अपघात होता की दुसरं काही, पोलिसांना शंका. घरच्यांनी चेसमध्ये आणून ठेवलं. त्यांना पोपटांची एक जोडी दिली. त्यांनी ‘ठेवा’ म्हटलं, लवकरच जायचं ठरवलेला माणूस म्हणेल तसं. मग हळूहळू पक्षी दिसतील असे कुशीवर वळून झोपू लागले. मग पक्ष्यांना काय आवडतं ते कर्मचाऱ्यांना सांगू लागले. पुढे जेवण, कपडे करणं, कुत्र्याला फिरवायला नेणं. तीन महिन्यांनी ते घरी परत गेले.

दोन वर्षं शेजारच्या एका नर्सिंग होमशी तुलना केली गेली. चेसमध्ये औषधांच्या चिठ्ठ्या तिथल्यापेक्षा निम्म्यावर आल्या, विशेषतः माणसाला गप्प करणारी औषधं कमी झाली. मृत्यूही पंधरा टक्क्यांनी घटले.

आता भांडण. गावंडे विचारतात, हे का झालं? अन्न, निवारा, सुरक्षितता असूनही माणसाला आयुष्य रिकामं का वाटतं? उत्तरासाठी ते एका तत्त्वज्ञाकडे जातात. डॉक्टर तत्त्वज्ञाकडे गेला की आमच्यासारख्यांना आनंद होतो, आणि लगेच खोडही काढावीशी वाटते. तत्त्वज्ञ आहेत हार्वर्डचे जोसाया रॉइस. ग्रंथ ‘द फिलॉसॉफी ऑफ लॉयल्टी’, १९०८ सालचा. रॉइसचं म्हणणं थोडक्यात असं : माणसाला स्वतःपलीकडचं काहीतरी हवं असतं, ज्याच्यासाठी झिजावं असं. ‘लॉयल्टी’ला मी निष्ठा म्हणतो. गावंडे म्हणतात, हे निष्ठेचं ध्येय मोठं असेल, देशासारखं, किंवा लहान असेल, पाळलेल्या प्राण्याची काळजी घेण्याइतकं. म्हणजे पोपट हे ध्येय झालं.

इथे ते रॉइसला अर्धाच उचलतात. रॉइसच्या लेखी निष्ठेचा विषय दोघांतला किंवा दहांतला असावा लागतो. तो अनेक माणसांना एका धाग्यात ओवतो म्हणून तर ते ध्येय. एकटा माणूस आणि एकटा पोपट यांच्यात रॉइसला अभिप्रेत निष्ठा घडत नाही. फार तर माया घडेल. मायेला मी कमी लेखत नाही, पण मायेनं या प्रकरणाचा उलगडा होत नाही. श्री. एल. यांच्या हकिगतीतलं वळण कुठलं ते पुन्हा पाहा. ते कर्मचाऱ्यांना पक्ष्यांविषयी सांगू लागले, तिथे कथा वळली. कालपर्यंत ज्यांना सांगितलं जात होतं ते सांगू लागले. आणि कुत्रं तर सगळ्या संस्थेचं होतं. ते फिरवून आणलं नाही तर घाण कुणीतरी काढायची होती, आणि ती कुणी काढायची यावरून तिथे कर्मचाऱ्यांमध्ये वादही झाले. म्हणजे श्री. एल. कुत्र्याला फिरवायला नेत होते तेव्हा कुणाचं तरी खरोखर अडत होतं.

म्हणून ते पोपट सुटल्याचं पान मला महत्त्वाचं वाटतं. त्या दिवशी अडचणीत कर्मचारी होते आणि प्रेक्षक रहिवासी होते. व्यवस्थाच उलटी झाली. थॉमसनं प्राणी आणले असं म्हणण्यापेक्षा त्यानं खऱ्या अडचणी आणल्या असं मी म्हणेन, आणि खऱ्या अडचणीला खरा मदतनीस लागतो. उटीच्या सीतारामांना ‘उपक्रम’ कुणी दिला नव्हता. कोर्टात त्यांचं काम अडलं होतं.

उटीचं चित्र मात्र मी डोळे मिटून घेणार नाही. त्या आजोबांना आधी गरम वाढणाऱ्या सुना होत्या, आणि त्यांचं काय काय अडलं हे कुठल्या पुस्तकात आलेलं नाही. एकत्र कुटुंबात तरुणांची घुसमट होते हे गावंडेही मान्य करतात. पण ‘तरुण’ म्हणताना त्यांच्या नजरेसमोर मुलगा असतो. असो. सुनांवर वेगळं व्याख्यान व्हायला हवं, आणि ते एखाद्या सुनेनं द्यावं.

आता याच पुस्तकात एक जुना प्रयोग ओझरता येतो. एलन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या दोन मानसशास्त्रज्ञांचा, १९७६ साली प्रसिद्ध झालेला. कनेक्टिकटमधलं आर्डन हाउस. दोन मजले. एका मजल्यावर सांगितलं, तुमच्या खोलीची मांडणी, तुमचा वेळ, तुमच्या तक्रारी, सगळं तुमच्या हातात आहे. हे रोप, हवं असेल तर निवडा, पाणी तुम्ही घालायचं. सिनेमा गुरुवारी बघायचा की शुक्रवारी, की बघायचाच नाही, तेही तुम्हीच ठरवा. दुसऱ्या मजल्यावर रोप दिलं, पण पाणी परिचारिका घालणार. सिनेमाचा वारही संस्थेनं ठरवला. सगळं प्रेमानं, बरं का! दुसऱ्या मजल्यावर कुणी दुष्टपणा केला नाही. दीड वर्षानं पाहिलं तर पहिल्या मजल्यावरच्या ४७ पैकी ७ जण गेले होते, दुसऱ्यावरच्या ४४ पैकी १३.

हे आकडे व्यासपीठावरून नेहमी सांगितले जातात. पुढची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. १९७८ साली त्याच नियतकालिकात दुरुस्ती छापून आली : मृत्यूंच्या फरकाचं गणित चुकलं होतं, आणि तो फरक आधी म्हटला तितका भक्कम नव्हता. म्हणजे ‘रोपाला पाणी घाला, आयुष्य वाढेल’ हे वाक्य त्या प्रयोगाच्या खांद्यावर ठेवू नका. ते ओझं त्याला पेलत नाही. तरी पहिल्या मजल्यावरची माणसं अधिक टवटवीत, अधिक मिसळणारी दिसली, हे राहतंच. आणि खरं सांगू का, पाणी घालण्याचं समर्थन करायला आयुष्य वाढायलाच हवं असा आग्रह का? म्हाताऱ्यांच्या प्रत्येक आनंदाला औषधाची पावती जोडायची ही सवय मला मुळातच पसंत नाही. तुम्ही-मी गाणं ऐकतो ते रक्तदाबासाठी ऐकतो का?

पण ज्या प्रयोगानं माझी झोप उडवली तो दुसराच. रिचर्ड शुल्झ यांचा. तोही १९७६ चाच. वृद्धांच्या एका निवासात कॉलेजातली मुलं दोन महिने भेटायला पाठवली. काही रहिवाशांना मुभा होती, मुलानं कधी यायचं आणि किती वेळ बसायचं ते तुम्ही ठरवा. काहींना ते ठरवता येत नव्हतं, पण केव्हा येणार हे आधी कळत होतं. काहींकडे मुलं अचानक टपकत. आणि काहींकडे कुणीच जात नव्हतं. पहिले दोन गट स्पष्टपणे सुधारले. प्रकृती बरी, उमेद बरी. इथवर सगळं छान. मग प्रयोग संपला, मुलं गेली. शुल्झ आणि हानुसा यांनी पुढे दोन-तीन वर्षं त्याच माणसांची चौकशी चालू ठेवली आणि १९७८ साली निष्कर्ष छापले. जे दोन गट सुधारले होते, ते घसरले. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं, ते होते तिथेच राहिले.

आम्ही मीमांसा शिकवताना सांगतो, ग्रंथाचं तात्पर्य ठरवायची सहा गमकं आहेत, आणि त्यातलं पहिलंच जोडीनं येतं : उपक्रम आणि उपसंहार. उपक्रम म्हणजे आरंभ. आरंभ आणि शेवट एकत्र पाहिल्याशिवाय अर्थ लागत नाही. आपल्या संस्थाचालकांनी यातला नेमका पहिलाच शब्द उचलला. उपक्रम, उपक्रम, उपक्रम! उपसंहाराचं कुणी विचारत नाही.

हे मी वरून बोलत नाही. मीही हेच केलं आहे. निवृत्तीनंतर एका वृद्धाश्रमात दर मंगळवारी चार वाजता मी वाचन करायला जात असे. आठ महिने गेलो. पंधरा-वीस माणसं यायची. त्यात एक गृहस्थ होते, पूर्वी छापखान्यात खिळे जुळवायचे. त्यांना कानाला फारच कमी ऐकू यायचं, म्हणजे मी काय वाचतो ते बहुतेक कळत नसणार. पण खुर्च्या ते मांडायचे. मी आलो की विचारायचे, “सर, आज किती मांडू?” मी म्हणायचो, “तुम्हीच ठरवा.” मग ते वऱ्हांड्यात चक्कर मारून कोण बरं आहे, कोण झोपलंय बघून यायचे आणि तितक्या खुर्च्या अर्धवर्तुळात लावायचे. एकही जास्त नाही.

मग माझं एक लेखनाचं काम आलं, नंतर मोतीबिंदू, आणि मंगळवार सुटले. मी कळवलं नाही. म्हणजे ‘पुढच्या आठवड्यात येतो’ असा फोन एकदा केला, आणि पुढचा आठवडा आला नाही. चार-पाच महिन्यांनी गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी सांगितलं, ते गृहस्थ कितीतरी मंगळवार खुर्च्या मांडत होते. पाच वाजता पुन्हा उचलून ठेवायचे. मग एका मंगळवारी मांडल्या नाहीत. मी त्यांच्या खाटेपाशी गेलो. त्यांनी मला ओळखलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “सर, सांगून थांबला असता तर बरं झालं असतं. मी दुसरं काही बघितलं असतं.”

मी इतके महिने समजत होतो की मी वाचतो आणि ते ऐकतात. माझा उपक्रम ‘वाचन’ नव्हताच. त्या माणसापुरता तो खुर्च्यांचा होता, आणि तो मी निर्माण केला हेही मला माहीत नव्हतं. शुल्झ मी त्यानंतर वाचला.

त्यामुळे या पुस्तकाकडे मी आता असा प्रश्न घेऊन जातो. चेस मेमोरियलची हकिगत गावंडे विजयकथा म्हणून सांगतात. दोन वर्षांचे आकडे, श्री. एल. घरी गेले, छान. पण पोपट मरतो तेव्हा काय होतं? छोटे पोपट किती वर्षं जगतात? उत्साही डॉक्टर दुसरीकडे जातो, संचालक बदलतो, मळ्याला पाणी घालायला माणूस कमी पडतो, तेव्हा काय? प्रकरणाची मांडणी आरंभाच्या बाजूला कललेली आहे. कुठलीही सुधारणेची कथा तशीच असते म्हणा. पण पुस्तकाचं नाव मर्त्यतेवर आहे. माणसाचा शेवट इतक्या धीटपणे बघणाऱ्या लेखकानं उपक्रमांचा शेवटही बघायला हवा होता.

आपल्याकडे ज्येष्ठ नागरिकांसाठीचा कायदा २००७ साली झाला. त्यात जिल्ह्याला किमान एक, निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम सरकारनं काढावा असं म्हटलं आहे. खाटांचा आकडा कायद्यात लिहिता येतो. ‘कुणाचं तरी अडलं पाहिजे’ हे कायद्यात लिहिता येणार नाही, आणि येऊही नये. ते स्वयंपाकघरात ठरतं. एका आश्रमात मी बायकांना वाती वळताना पाहिलं. सुंदर, एकसारख्या वाती. विचारलं, जातात कुठे? व्यवस्थापकांनी मला बाजूला घेऊन हळूच दाखवलं : कपाटात पिशव्याच पिशव्या. कुणी नेत नव्हतं. त्या बायकांना हे माहीत नव्हतं असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, माहीत होतं. त्याच आश्रमात मागच्या बाजूला पगारी बाई एकटीच चाळीस माणसांची मेथी निवडत बसली होती, आणि उशीर होतोय म्हणून कातावली होती.

शेवटी एका ठिकाणी माझाही विचार लंगडतो, ते सांगून थांबतो. ज्यांची स्मृती गेली आहे त्यांचं काय? जबाबदारी म्हटली की कालचं आज आठवायला हवं. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना टॉवेलांच्या घड्या घालायला देतात. हात ती हालचाल विसरलेले नसतात आणि मन शांत होतं. पुष्कळ ठिकाणी असं करतात की घड्या घालून झाल्या की टॉवेल आत नेऊन उलगडायचे आणि उद्या तेच पुन्हा आणून द्यायचे. तिला आठवत नाही, मग बिघडलं कुठे? एका संचालकांनी मला हा प्रश्न अगदी सरळपणे विचारला होता. फसवणूक म्हणावी तर फसलेल्याचं नुकसान दाखवता येत नाही. मी त्यांना कांटही सांगून पाहिला, उपयोग झाला नाही. मग परत निघताना त्यांच्या गच्चीवर नजर गेली. दोऱ्यांवर धुतलेले टॉवेल वाळत होते, चार रांगा. मी त्यांना म्हटलं, “खरे टॉवेल तुमच्याकडे रोज इतके असताना खोटे कशाला देता?”

ते म्हणाले, “त्या नीट घडी घालत नाहीत हो. पुन्हा घालाव्या लागतात.”

मी म्हटलं, “मग घाला.”

पंधरा मिनिटं उरली आहेत. प्रश्न असतील तर विचारा. आणि जाताना खुर्च्या तशाच राहू द्या, इथे त्या उचलणारे एक काका आहेत.